घाटातल्या बर्फासाठी टायर

"रेबवार, बर्फात चालवायला गाडी कुठली बरी रे?" गलावेझनं मुलाला फोनवर सहजच विचारलं.

मुलगा स्वीडनच्या पार उत्तर टोकाला राहायचा. एरवी त्याचा फोन शुक्रवारी यायचा, आणि 'जेवलीस का, गोळ्या घेतेस ना, बरं, ठेवतो' एवढ्यात आटपायचा. त्या दिवशी मात्र तो बोलतच सुटला.

"आई, बाबांची गाडी आता काढून टाक. तिला मागची चाकं ढकलतात. बर्फात मागचा भाग कधी पुढे येईल, कळायचंसुद्धा नाही. पुढची चाकं ओढणारी लहान गाडी घे."

"तुझा काका म्हणतो, जीप घे."

"जीप चढेल गं. पण उतारावर थांबायचं कुणी? थांबवतात ते टायर. मी उद्या नीट विचारून... म्हणजे, आठवून सांगतो."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला. शनिवारी!

मीरगान हे गाव घाटापलीकडे. पानं गळायला लागली की माणसं गुरं विकून खाली सक्केज शहरात उतरायची, ती थेट वसंतातल्या नवरोजच्या सणालाच परतायची. मागे दोन-चार म्हातारी खोडं उरायची, त्यातली ही एक. बर्फ पडला की मिनीबस बंद. नवरा होता तेव्हा त्यानंच हट्टानं तिला गाडी शिकवली होती. "मी मेल्यावर तू काय गाढवावर बसून जाणार?" म्हणायचा. आता तो नव्हता आणि दिराच्या घरी कोपऱ्यातली खाट अडवायला ती तयार नव्हती. तेव्हा गाडी लागणारच होती.

ती सक्केजला शेरकोच्या टायरच्या दुकानात गेली. शेरको तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्यानं दोन टायर पुढ्यात टाकले. "वहिनी, हा नखानं दाबून बघा. लोण्यासारखा, थंडीत कडक होत नाही. आणि हा उन्हाळी, आत्ताच दगड झालाय."

"पुढे दोन लावले तर भागेल?"

"दोन लावा आणि पोराच्या नावे मृत्युपत्र करून ठेवा. पुढची चाकं धरतील, मागची नाचतील. चारही एकसारखे हवेत. घाटात बर्फाची काच होते, तिथं खिळेवाले उत्तम."

दुकानाशेजारीच एक लहान निळी गाडी विकायला उभी होती. गलावेझ तिच्यात बसली, स्टिअरिंग फिरवून पाहिलं. मनात तिथंच पक्कं झालं. ही गाडी, हे खिळ्यांचे टायर. शेरकोला म्हणाली, "विचार करून सांगते."

संध्याकाळी रेबवारचा फोन आला, तर तिनं विचारलं, "टायर रुंद बरा की अरुंद?"

तो अर्धा तास बोलला. अरुंद बरा, तो बर्फ कापून खालचा रस्ता धरतो. पुढच्या दिवशी तिनं चाकांना बांधायच्या साखळ्यांचं काढलं. मग टायर किती जुना चालतो. मग हवा किती भरायची. कधी मध्येच तो हसायचा, "आई, तू काय शर्यतीत उतरणार आहेस?" ती चहाचा पेला हातात धरून ऐकत राहायची. अर्धं कळायचं नाही, पण आवाज कळायचा. शेरकोचा निरोप आला, "वहिनी, निळी गाडी किती दिवस धरून ठेवू?" तिनं कळवलं, "मुलाला विचारतेय."

आणि अशात बर्फ लवकर आला.

रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून ती नवऱ्याचीच गाडी घेऊन सक्केजला गेली. जाताना रस्ता नुसता ओला होता. परतताना घाटमाथ्यावर पांढरंशुभ्र. उतारावरच्या वळणाशी तिनं हलकेच ब्रेक दाबला आणि गाडीनं पाठ फिरवली. दरीच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला, एवढंच नशीब. बर्फाच्या ढिगात मागचं चाक रुतून बसलं.

फोनला रेंज नव्हती. तिनं शाल डोक्यावरून घेतली आणि बसून राहिली. काचेवर बर्फ साचत गेला, बाहेरचं दिसेनासं झालं. वाट पाहताना तिच्या ध्यानात आलं, आज आपण घराबाहेर पडलोय हे कुणालाच ठाऊक नाही. चुलीला धूर नाही म्हणून कुणी डोकावणार नाही. फोन उचलला नाही तर मुलगा म्हणेल, झोपली असेल. भीतीपेक्षा त्याचंच तिला रडू आलं. आणि कुणी बघायला नव्हतं म्हणून ती पोटभर रडली.

उजेड असतानाच बर्फ सारणारं यंत्र आलं. चालकानं खाली उतरून चाकांवर लाथ मारली. "मावशी, हे टायर आहेत की टरबुजाची सालं?"

"सालंच आहेत. ओढ आता."

त्यानं दोर लावून गाडी काढली आणि गावापर्यंत तिच्यापुढे चालला.

रेबवारचा फोन आला तेव्हा ती शेगडीपाशी शेकत बसली होती. आज टायरविषयी काही विचारलं नाही. घडलं ते सांगितलं.

तो ओरडला, "कधीपासून सांगतोय! अजून ठरवलं नाहीस?"

"ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी दुकानात ठरवलं होतं."

"मग घेतले का नाहीस?"

ती म्हणाली, "घेतले असते तर तू शुक्रवारी फोन केला असतास."



"आई," तो म्हणाला, "माझ्याकडे गाडी नाहीये."

"म्हणजे?"

"मी बसनं जातो. इथं एक टायरवाला आहे. तू विचारायचीस, मी कामावरून सुटलो की त्याच्याकडे जायचो. त्याला वाटतंय मी गिऱ्हाईक आहे. कॉफी पाजतो. इथं माझ्याशी एवढं बोलणारा तोच एक."

"आणि मला सांगत होतास, तिथं खूप मित्र आहेत म्हणून!"

"तूही सांगत होतीस, शेजारीण रोज येते म्हणून. तिला सक्केजला जाऊन महिना झाला. काका म्हणाला."

दोघंही हसले, पण फार वेळ नाही.

त्याच आठवड्यात शेरकोनं निळी गाडी स्वतः आणून दिली, चारही चाकांना खिळे बसवून. पुढच्या मोठ्या बर्फात गलावेझ एकटीच घाट चढली. खिळे कुरकुर वाजत होते. त्या वळणाशी तिनं मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवलं, मग घाट उतरत गेली.

रेबवार येणार नव्हता. सुट्टी नव्हती, कागदपत्रं अडकली होती, ते सगळं तसंच राहिलं. फोन मात्र आता शुक्रवारखेरीजही यायचा. कधी बोलायला काहीच नसायचं. मग ती फोन डब्याला टेकवून उभा करायची आणि डाळ निवडायची. पलीकडे तो जेवत असायचा. त्याच्या चमच्याचा आवाज यायचा.