पिंप्याचा डबा

ओल्या चोथ्याचा गोळा वहिनींनी मुठीत घट्ट पिळला, पाणी परातीत गळू दिलं आणि मूठ उघडली, तर बार्लीच्या टरफलांना हिरवट चुरा चिकटलेला. कालच्या चोथ्यातही तो होता. काल त्यांना वाटलं होतं, गोणीतून काडीकचरा आला असेल. आज त्यांनी चिमूटभर जिभेला लावून पाहिला आणि थू थू करत बेसिनकडे धावल्या. कडूजहर होता.

धाकटे भावोजी दारातच रबरी बूट धूत बसले होते. घरची बिअर बनवायची ब्रुअरी मागच्या अंगणात, स्वयंपाकघराचं दार आणि टाक्यांच्या शेडचं दार अगदी समोरासमोर. वहिनींनी विचारलं, चोथ्यात हे काय आलंय. भावोजींचा चेहरा खुलला. कुणीतरी विचारावं म्हणून ते कालपासून ताटकळलेच होते. एक प्रयोग केलाय, म्हणाले. हॉप्स दरवेळी रस उकळताना घालतो ना, या खेपेला बार्ली भिजत असतानाच टाकले. वास बघा कसला सुटलाय.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. ती कधी घालायची याची त्या घरातली रीत ठरलेली होती. आधी गरम पाण्यात भिजलेल्या बार्लीचा गोड रस गाळून घ्यायचा, उरलेला चोथा टाकीबाहेर काढायचा, आणि मग रस उकळायला लागला की त्यात हॉप्स. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, धंदा सुरू केला तेव्हापासून यात फरक पडला नव्हता. म्हणून तर वहिनी त्या चोथ्याचा बिनधास्त पाव भाजत, आणि उरलेल्यात अंडं आणि पीठ मळून कुत्र्यासाठी बिस्किटं करत. बिस्किटं सुरू केली तेव्हाच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: चोथा चालेल, हॉप्सचा कणही नको, कुत्र्याला ते विष आहे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. भावोजींनाही. पण बिअरच्या नादात चोथ्याचं पुढे काय होतं हे ते साफ विसरले होते.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "काल मी याचीच बिस्किटं केली. सकाळी डबा भरून मामंजींच्या खोलीत ठेवलाय."

भावोजींच्या हातातला बूट तसाच राहिला. नळ वाहत होता, तो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

पिंप्या हा मामंजींचा कुत्रा. पिंपासारखा गोल, म्हणून पिंप्या. सासूबाई गेल्यावर मामंजींनी जेवण आणि बिअर सोडून बाकी बोलणंच टाकलं होतं. जे काय दोन शब्द उरले होते ते त्या कुत्र्याशी. त्याला काही झालं तर म्हातारा त्याच्या मागोमाग जाईल, असं वहिनींच्या मनात आलं. आणि तेही माझ्या हातचं खाऊन, हे त्याच्या मागोमाग आलं. चोथ्याने भरलेल्या हातांनीच त्या जिन्याकडे पळाल्या.

खोलीत मामंजी नव्हते, दुपारच्या फेरफटक्याला गेलेले. पिंप्या खिडकीतल्या उन्हात आडवा पसरला होता, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय. आणि कपाटावरचा डबा उघडा होता. रिकामा. तळाशी चुरादेखील नाही, कुणी चाटूनपुसून घ्यावा तसा.  मामंजींनी भरलेला डबा त्याला चारला, आणि तोही एका सकाळीत.

नवरा माल पोचवायला गाडी घेऊन गेला होता, म्हणून भावोजींनी शेजारच्यांची गाडी मागून आणली. सगळ्या वाटेत पिंप्याचं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं आणि तो मजेत इकडेतिकडे बघत होता, सहलीला निघाल्यासारखा. त्याचं ते निर्धास्त तोंड बघून वहिनींना अधिकच रडू कोसळलं. भावोजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, मी सांगायला हवं होतं. वहिनींनी त्यांना एकदा सांगितलं की आता पुरे, पुढे बघून चालवा.

डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, ठोके मोजले, कपाळाला आठ्या घातल्या. लक्षण तर काहीच दिसत नाही, पण डबाभर खाल्लं असेल तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही, असं म्हणून त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. पिंप्याने जरा वेळ गोल गोल चकरा मारल्या, आणि मग पोटातलं सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये काढून टाकलं.

बाईंनी चिमट्याने ते पसरलं. वहिनी बघायला धजत नव्हत्या. बघितलं, आणि मग नजर हलेना. ट्रेमध्ये बिस्किट नव्हतं. मांसाचे मऊ शिजलेले तुकडे होते. पावाचा मगज होता. आणि गाजराच्या तिरक्या चकत्या, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. तशा चकत्या त्या घरात एकच बाई कापायची.

"यात बिस्किटाचा कण नाही," बाई म्हणाल्या. "जेवण मात्र झकास झालंय याचं."

ते जेवण वहिनींनी मामंजींसाठी रांधलं होतं. सकाळपासून मंद आचेवर. दुपारी त्यांनी स्वतः ताट वर नेऊन दिलं होतं आणि मोकळं ताट खाली आणलं होतं. मामंजी म्हणाले होते, छान झालंय.

परतीच्या वाटेवर भावोजींच्या जिवात जीव आला आणि ते बडबडू लागले.  वहिनींच्या डोक्यात मात्र ते 'छान' फिरत होतं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मामंजींनी त्यांच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलं नव्हतं. मीठ कमी पडलंय, मसाला कच्चा राहिला, आच जास्त ठेवलीस. त्या जिभेपुढे ब्रुअरीतले जाणते कामगारही चळाचळा कापत. मामंजींनी चालेल म्हटल्याशिवाय एक पिंप बाहेर जात नसे. गेल्या हिवाळ्यात त्यांना तो लांबलेला ताप आला. त्यातून उठले आणि एकदम निवळले. ताट ठेवलं की छान. नवी बिअर चाखली की छान. सगळे म्हणाले, आजारपणाने माणूस मऊ झाला. वहिनींनी मात्र मनाशी घेतलं होतं की इतक्या वर्षांनी आपल्या हाताला चव आली. नवऱ्याला त्यांनी ते सांगितलंही होतं, लाजत लाजत.

मामंजी परत आले होते. खुर्चीत बसून होते. पिंप्या खोलीत शिरला तसे चटकन उठून त्याच्यापाशी गेले, कुठे नेला होता म्हणून विचारलं. वहिनींनी काय झालं ते सगळं सांगितलं, आणि मग रिकामा डबा त्यांच्यासमोर धरला.

चोरी पकडलेल्या पोरासारखी म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"मी खाल्ली," ते म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

वहिनींनी खालचा ओठ दाताखाली धरला. हसावं की रडावं कळेना. कुत्र्याची बिस्किटं सासरा खातो आणि सासऱ्याचं ताट कुत्रा. त्या म्हणाल्या, माझं जेवण इतकं वाईट असतं का, तसं सांगायचं होतं, मी दुसरं केलं असतं.

मामंजी पिंप्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, वाईट की चांगलं ते मला कुठे कळतंय. तापातून उठल्यापासून जिभेला काही लागत नाही. गोड नाही, मीठ नाही, काही नाही. मांस चावतो तर ओलं फडकं चावल्यागत. दोन घास गिळतो, बाकीचं याला. पोरांना कळलं तर टाक्यांपाशी उभं कोण करेल मला. म्हणून सगळ्याला छान म्हणत आलो.

 दोन्ही पोरांनी त्या छानवर पिंपंच्या पिंपं बाहेर पाठवली होती, पण वहिनींना आठवलं ते स्वतःचंच. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा, एकेक ताट.

"डबा आला की त्यातलं एक मी आधी चावून बघतो," मामंजी सांगत होते. "जुनी खोड. चाखल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही, मग तो कुत्रा का असेना. आज चावलं आणि कडू लागलं. लागलं, सूनबाई. जिभेच्या मागे, इथे. मला वाटलं भास झाला, म्हणून दुसरं खाल्लं."

त्यांनी पिंप्याकडे पाहिलं.

"पिंप्यासाठी म्हणून नाही संपवली. खोटं कशाला बोलू. हॉप्स त्याला चालत नाहीत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तो समोर बसून शेपटी हलवत होता आणि मी त्याला एक दिलं नाही. मग लाज वाटून दुपारचं ताट अख्खं त्याला दिलं."

एवढं बोलून त्यांनी वहिनींकडे पाहिलं, आणि पोरांना सांगू नकोस म्हणाले. वहिनींनी डबा उचलला आणि जिना उतरल्या.

खाली भावोजी स्वतःवरच भडकलेले. परातीतला चोथा त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत ओतला होता, टाकीतला उरलेलाही भरून आणला होता, आणि पिशवीचं तोंड बांधत होते. जन्मात असा प्रयोग करणार नाही, म्हणाले. वहिनींनी त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली. परातीत निम्मी उपडी केली, बाह्या सरसावल्या, आणि पिंप्याला स्वयंपाकघराबाहेर काढून दाराला कडी घातली. भावोजी बघतच राहिले. हे कुणासाठी, त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही पीठ चाळून द्या, मग सांगते.

पाव फुगला नाही फारसा. चोथा जास्त झाला होता, आणि वहिनींचं लक्ष आज ठिकाणावर नव्हतं. दिवेलागणीला त्या वर गेल्या, ताट मामंजींच्या मांडीवर ठेवलं आणि जायच्या त्या तिथेच दाराशी उभ्या राहिल्या. पदराच्या टोकाला पीठ लागलं होतं, ते उगाचच झटकत राहिल्या.

मामंजींनी तुकडा मोडला. तोंडात टाकला, डोळे मिटले. कितीतरी वेळ जबडा हळूहळू हलत होता. पिंप्या पायाशी बसून मान वर करून बघत होता. त्यांनी दुसरा तुकडा मोडला, तोही तसाच चावला, आणि मग त्यांच्या कपाळाला ती जुनी आठी पडली.

"खालून करपलाय," ते म्हणाले. "जरासा. तुझं भट्टीकडे लक्ष नव्हतं."

वहिनी पुढे झाल्या. पाव उलटा करून पाहिला. बुडाला नाण्याएवढा काळा डाग होता.

"हो," त्या म्हणाल्या, आणि पाव परत ताटात ठेवताना त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "उद्या लक्ष देते."