घर कोणतं धरायचं

वर्ना लिंडक्विस्टने चार वाजता फोन लावला. पलीकडे ओरिनने लगेच उचलला.

"रिमोट हाताशी आहे का?" तिने विचारलं.

"तो कुठे जातोय. मी हलत नाही, तर तो काय हलणार."

ओरिन तिचा नवरा. डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, तो बावीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात होता. रोज चार वाजता दोघं फोन चालू ठेवून एकच मालिका बघत. ती घरच्या खुर्चीत, तो तिकडच्या पलंगावर. तीन, दोन, एक म्हणून एकदम बटण दाबायचं. बंदरगावची एक फौजदारीणबाई आणि दर भागाला एक खून. खुनी कोण ते ओरिन पहिल्या दहा मिनिटांत सांगे आणि बहुतेक वेळा चुके. त्याच्या टीव्हीचा आवाज फोनमधून किंचित मागून यायचा, आणि वर्नाला घरात दोन माणसं असल्यासारखं वाटायचं.

"ती पाटी परत आलीय," आज ओरिन म्हणाला.

"मग दाब नेहमीसारखं."

इंटरनेटवरून मालिका दाखवणाऱ्या कंपनीने नियमच काढला होता, एका वर्गणीत एकच घर. ओरिनच्या पडद्यावर मधूनमधून यायचं, हा टीव्ही तुमच्या घरातला नाही. खाली बटण असायचं, मी प्रवासात आहे. ते दाबलं की वर्नाच्या फोनवर चार आकडे येत, ती वाचून दाखवी आणि मालिका सुरू होई. असा आठ महिने ओरिन प्रवासात होता.

"आज ते बटणच नाही. घराबाहेरचा सदस्य म्हणून जोडा, असं लिहिलंय. ओळखलं बघ त्यांनी, हा काही परत येत नाही म्हणून."

"काहीतरी बोलू नकोस. मशीन आहे ते."

पण त्या दिवशी मालिका झाली नाही.

केबल ओरिननेच तोडली होती. अकरा वर्षांपूर्वी शिडीवर चढून, स्वतःच्या पकडीने. तीन वाहिन्या बघायच्या म्हणून दोनशे घ्या आणि वर जाहिराती सोसा, हा जाच संपला म्हणून त्याने तार गुंडाळून गॅरेजात टांगली. पहिली काही वर्षं खरंच सुखाची गेली. मग फौजदारीणबाई एका कंपनीकडून दुसरीकडे गेली. तिचे जुने भाग तिसरीकडेच राहिले. भाव चढले. जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर आणखी पैसे. शेवटी तिन्ही कंपन्यांनी मिळून एक गठ्ठा विकायला काढला. "तार मी बाहेरून तोडली," ओरिन म्हणाला होता, "पण ती आतून उगवली."

वर्नाने कंपनीला फोन केला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड होता.

"बाई, तुमची प्रवासाची मुभा संपलीय. त्यांना बाहेरचा सदस्य म्हणून जोडून देते. महिन्याला थोडे जास्त पडतील."

"पैशाचं नाही गं. तो माझा नवरा आहे. एक्कावन्न वर्षं झाली. बाहेरचा कसा लिहू?"

"हो, पण ते तुमच्याच पत्त्यावर राहतात का?"

वर्नाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खणात टपालखात्याचं पत्ता बदलायचं कार्ड पडून होतं. तिने ते एप्रिलमध्ये आणलं होतं. त्यावर दोन चौकोन असतात, तात्पुरता आणि कायमचा. ओरिनने चौतीस वर्षं टपाल वाटलं. माणूस शुश्रूषागृहात गेला की घरचे नेहमी तात्पुरता यावरच खूण करतात, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. वर्नाने खूणच केली नव्हती. ओरिनची पत्रं अजून घरीच येत होती आणि ती टेबलावर रचून ठेवत होती.

"दुसरं काही करता येतं का?" तिने विचारलं.

"घर कोणतं ते बदलता येतं. त्या टीव्हीसमोर जाऊन लावायचं. मग तो चालेल, पण तुमचा बंद पडेल."

दुसऱ्या दिवशी वर्ना बटाटे-मांस भाजून केलेल्या हॉटडिशचं भांडं टॉवेलात गुंडाळून गाडी घेऊन निघाली. दोन्ही बाजूंची मक्याची शेतं कापून मोकळी झाली होती. ओरिनने सगळं ऐकून घेतलं आणि उजव्या हाताने भांड्याचं झाकण उचलून बघितलं.

"जोडून टाक बाहेरचा म्हणून," तो म्हणाला. "नुसता शब्द आहे. मला काय त्याचं."

"मला आहे."

"अगं, पण तू संध्याकाळभर भिंतीकडे बघत बसणार का?"

"भिंत जुनी आहे. ओळखीची आहे."

"हट्टी बाई."

"ते तुला लग्नाआधीच कळलं होतं. तेव्हा नाही म्हणायचं होतं."

तिने त्याच्या हातातून रिमोट घेतला. चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ वाचली. पडद्यावर प्रश्न आला, हेच तुमचं घर आहे का? तिचं बोट बराच वेळ बटणावर राहिलं. ओरिन पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता. मग तिने हो दाबलं.

"आणि आपल्या घरचा टीव्ही?" त्याने हळूच विचारलं.

"त्याला सांगेन, बाई नवऱ्याकडे राहायला गेल्या."

तो हसला आणि मग खिडकीकडे वळला. त्या दिवशीचा भाग दोघांनी शेजारी बसून पाहिला. अंधारात तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांआधीच तिला उठावं लागलं.

घरी आल्यावर तिने खणातलं कार्ड काढलं, कायमचा या चौकोनात खूण केली आणि ते पाकिटात घालून पाकीट डिंकाने चिकटवून टाकलं.

पुढच्या दिवशी चार वाजता तिने फोन लावला. समोरचा पडदा काळा होता.

"सुरू केलंस?" तिने विचारलं.

"केलं. पण मी एकटाच बघू?"

"तू बघ आणि मला सांग. काय चाललंय?"

ओरिनने घसा खाकरला. "धक्क्यावर माणूस पडलाय. जाड आहे. फौजदारीणबाईने तोच हिरवा कोट घातलाय. मला वाटतं, खून त्या मासळीवाल्याने केला."

"सुरुवातीलाच?"

"चेहराच सांगतोय. थांब, जाहिरात लागली. गुडघ्याच्या गोळ्या. तू जेवलीस का?"

"कालचंच गरम केलं."

"एकटी असलीस की तू नीट जेवत नाहीस."

"जेवते रे. किती जाहिराती आहेत?"

"कोपऱ्यात चार लिहिलंय."

"बरं," वर्ना म्हणाली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावून तिने खुर्ची खिडकीकडे ओढली.