रनीमच्या किल्लीवर चालणारा दुवा

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे, म्हणजे संगणकातल्या दोन जागा जोडणारा छोटासा प्रोग्रॅम. मला हात नाहीत, पाय नाहीत, मला कुणी कधी फडक्यानं पुसलेलं नाही. जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात सहा माणसांची एक कंपनी आहे. दवाखान्यांत रुग्णांच्या वेळा ठरवायचं सॉफ्टवेअर ती बनवते. तिथली मंडळी लिहितात तो कोड एका ऑनलाइन कोठारात जमा होतो, आणि कुणाचं काम कुठवर आलं हे दिसतं दुसऱ्याच एका ऑनलाइन फलकावर, प्रत्येक कामाच्या कार्डावरून. या दोघांची एकमेकांशी तोंडओळखही नव्हती. ती मी करून दिली.

मला घडवलं तिथं काम करणाऱ्या रनीमनं. माझ्याआधी कार्यालयात दिवसभर एकच गजर चाले, "काय झालं रे त्या कामाचं?" रनीम वैतागली आणि तिनं मला बनवलं. कोठारात शिरायला किल्ली लागते, ती तिनं स्वतःच्या नावाची दिली. "तात्पुरती माझी चालेल," ती म्हणाली. मित्रांनो, तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य फार मोठं असतं.

कुणी काम जमा केलं, की मी धावत जाऊन त्याचं कार्ड 'झालं' या रकान्यात नेऊन ठेवी. कंपनीचे प्रमुख अबू गस्सान माझ्यावर बेहद्द खूश होते. "हा चहा मागत नाही, रजा मागत नाही. तुमच्याऐवजी यालाच पगारवाढ देतो!" असं ते सगळ्यांना चिडवत. ते ऐकून मी फुलून जाई.

पण माझी खरी गरज होती तैसीरला. तो नवा, नोकरीत अजून पक्का न झालेला. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून तो पार दक्षिणेला तफीलाला, घरूनच काम करी. कार्यालयातली माणसं एकमेकांना दिसत. तैसीर कुणालाच दिसत नसे. त्याची मेहनत इर्बिदपर्यंत पोचवणारा मी एकटाच होतो, आणि ईदच्या आधी त्याला ठेवायचं की नाही हे ठरणार होतं.

मग रनीमला अकाबात दुसरी नोकरी लागली. निरोपाला कुनाफा ही मिठाई आली, सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि नियमाप्रमाणे त्याच दुपारी तिचं खातं बंद झालं. नियम बरोबरच होता. फक्त माझी किल्ली तिच्याच नावावर आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी कोठाराच्या दाराशी गेलो तर आत घेईनात. मी सूचना धाडली. ती जायची रनीमच्या ईमेल पत्त्यावर, आणि तो पत्ताही बंद!

इतक्यात रमजान लागला. मैसून तिथली सगळ्यात हुशार. ती हसून म्हणाली, "या दुव्यानंही रोजा धरलाय वाटतं!" सगळे हसले आणि आपापली कार्डं हातानं सरकवू लागले. तैसीरला हे सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही. त्याची कार्डं जागच्या जागी राहिली.

"रमजानात माणूस मंदावतो, मान्य," अबू गस्सान कुरकुरले. "पण हा तैसीर तर ढिम्म हलत नाही!"

तिकडे तैसीरला वाटे, आपलं काम अबू गस्सानना पसंत नाही, म्हणूनच कार्ड पुढे जात नाही. विचारायचा धीर होईना. बिचारा तेच काम पुन्हा पुन्हा लिहीत बसे. हे मला मागाहून कळलं, आणि फार वाईट वाटलं.

ईद तोंडावर आली. एका दुपारी अबू गस्साननी मोठ्या आवाजावर ठेवून तफीलाला फोन लावला. तैसीरला कामावरून कमी करायचं ठरलं होतं. मैसून शेजारीच होती. पण आमच्याकडे वाईट बातमी अशी थेट कुणी सांगत नाही.

"कसा आहेस बाबा? वडील कसे आहेत?"

"अल्लाची कृपा. काल दोन घास जास्त खाल्ले त्यांनी."

"वा! आणि आईचे गुडघे?"

"दुखतात, पण ऐकते कुठं? चुलीपाशीच असते."

"आईची जातच तशी! तिकडे थंडी आहे का अजून?"

मैसून खुणावत होती, उरका आता. अबू गस्साननी टेबलावरचे कागद सारखे केले. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि... काम काय म्हणतंय?"

"तेच विचारायचं होतं," तैसीर चाचरत म्हणाला. "वेळा ठरवायचं पान मी परत लिहून जमा केलंय. नेमकं काय खटकतंय तुम्हाला, ते सांगाल का?"

"जमा केलंस? कुठलं पान?"

मैसूननं झटकन कोठार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अबू गस्सान, अहो इथं ढीग लागलाय! पोरगं मरमर मरतंय, आणि आपण त्याला आळशी ठरवतोय. दुव्याची किल्ली रनीमची होती. आपणच कुलूप घातलं!"

तिनं लगेच मला नवी किल्ली दिली, कंपनीच्या नावाची, आणि साचलेलं सगळं काम पुन्हा माझ्या हवाली केलं. मी असा धावलो म्हणता! तैसीरची कार्डं एकामागून एक 'झालं' मध्ये जाऊ लागली. "अरे, हा थांबतोय कुठं!" अबू गस्सान ओरडले आणि खुर्चीत मागे रेलले. मलाही इतकं हायसं वाटलं, की काय सांगू.

"माझ्याकडे फलक हलतोय!" तैसीर फोनवर म्हणाला. "पण तुम्ही फोन कशासाठी केला होता?"

अबू गस्साननी मैसूनकडे पाहिलं, घसा खाकरला.

"वडिलांची तब्येत विचारायला," ते म्हणाले. "आणि ईदनंतर तू पक्का झालास, हे सांगायला."

मित्रांनो, आता माझ्या सूचना सगळ्यांना जातात आणि तैसीरचं काम वेळेवर पोचतं. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या मुक्या चाकराची किल्ली एकट्या माणसाच्या नावावर ठेवू नका. आणि एखाद्याचं कार्ड हलेनासं झालं, तर मनात काही धरण्याआधी त्याला फोन लावा. सुरुवात मात्र वडिलांच्या तब्येतीपासूनच करा.