खालच्या विहिरीचा पोहरा

भीमाबाईनं आयुष्यात एकच हट्ट धरला होता: वरच्या आळीच्या विहिरीवर घागर घेऊन पुन्हा जायचं नाही. नवी नवरी होती तेव्हा सासूबरोबर ती तिथं उन्हात बसली होती. वरच्या एखाद्या बाईला दया यायची, मग ती उंचावरून घागरीत धार धरायची. पोहऱ्याला खालच्या आळीच्या बायकांनी हात लावायचा नाही, दोराला तर नाहीच. पुढं बौद्ध झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, ज्ञानदेवानं, भावकी जमवून खालच्या आळीत स्वतःची विहीर पाडली. ज्ञानदेव गेला, विहीर राहिली. पोटच्या पोरापेक्षा बाईचा जीव त्या विहिरीत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कासारसाईकडं धरणाच्या मातीचं काम निघालं आणि पार आंध्रातल्या पालमूरकडचे मजूर बायकापोरांसकट माळावर खोपटं बांधून राहिले. ठेकेदाराचा पाण्याचा टँकर आला तर आला, नाहीतर बसा बोंबलत. वरच्या आळीला वेगळाच घोर: ही माणसं जातीची कोण? ते काही कळेना, म्हणून पाणी देईनात. असलं शहाणपण आमच्याकडं पोत्यानं मिळतं.

एक दिवस बालम्मा नावाची बाई कडेवर पोर आणि डोक्यावर रिकामी घागर घेऊन खालच्या विहिरीपाशी उभी राहिली. भीमाबाईनं काही विचारलं नाही, घागर भरून दिली. दुसऱ्या दिवशी बालम्माच्या मागं अख्खी रांग. भावकीत कुरकुर सुरू झाली.

"वैनी, कुटली कोन मानसं ही," दीर साहेबराव म्हणाला. "दोराला हात लावू देऊ नगं."

"न्हाई लावू देत. मीच काढून घालीन."

आणि खरंच ती रोज पोहरा ओढायची. बायका खाली ओळीनं बसायच्या, ही वरून धार धरायची. तळहाताला घट्टे पडले, पण आपल्या हातून चार माणसांचं भलं होतंय म्हणून बाई खुशीत होती. का असू नये?

वैशाखात विहिरीनं तळ दाखवला. पोहऱ्यात पाण्यापेक्षा चिखलच जास्त येऊ लागला.

"झालं समाधान?" साहेबराव कडाडला. "आता धाड सुनांना वरच्या हिरीवर. बसू दे तितं तोंडाकडं बघत."

साहेबरावानं बाभळीची फांदी तोडून पायवाटेवर आडवी टाकली. वाट बंद, हे सांगायला कुठलीच भाषा लागत नाही. बालम्मा आली, तिनं काटे पाहिले, भीमाबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि मागं वळली. फांदी उचलणं भीमाबाईच्या हातात होतं. पण सुना डोळ्यांपुढं आल्या आणि तिचा हात काही पुढं झाला नाही. त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

बाजारच्या दिवशी धरणाचं काम बंद असायचं. त्या सकाळी माळावरून सगळी माणसं उतरताना दिसली, बायाबापड्यांसकट, खांद्यावर कुदळी, डोक्यावर घमेली. पुढं त्यांचा मेस्त्री, म्हणजे मुकादम, नरसय्या. वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबरावानं काठी घेतली. भीमाबाई एकटीच पुढं होऊन काट्यांपाशी उभी राहिली.

"पानी आटलं, बाबांनो. मारामारी करून कुटनं यायचं?"

नरसय्याला धरणांवर हिंडून हिंडून मोडकीतोडकी मराठी यायची. "पाणी नको, बाई. माती पाहिजे."

"कसली माती?"

"ह्या विहिरीचं पाणी आम्ही प्यालो. आमच्यात ज्याचं पाणी प्यालं, त्याच्या तळाची माती काढतात. नाही काढली तर पुढच्या गावाला पाय उचलत नाही."

भीमाबाईनं वाकून फांदी बाजूला ओढली. बोटात काटा गेला तो तिला कळलाही नाही.

विहीर पाडल्यापासून तिचा गाळ कुणी काढलाच नव्हता. पोरं कारखान्यात लागली, म्हाताऱ्यांच्यानं होईना. आता विहिरीत उतरण्यापुरत्या ठेवलेल्या अरुंद पायऱ्यांवर, तळापासून काठापर्यंत, माणूस लागला. खालून नरसय्या गाण्याची एक ओळ टाकायचा, वरपर्यंत सगळे ती झेलायचे आणि त्या ठेक्यावर भरलेलं घमेलं हातोहात वर यायचं, रिकामं खाली जायचं. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, तरी एकाचाही हात चुकत नव्हता. भीमाबाईला त्यातला शब्द कळत नव्हता, पण अंगावर काटा उभा राहिला. माणसं इतकी एक होतात हे तिनं जयंतीच्या मिरवणुकीतही पाहिलं नव्हतं. साहेबराव बराच वेळ काठी टेकून बघत होता. मग काठी टाकून तो दोन बायकांच्या मधल्या पायरीवर जाऊन उभा राहिला, आणि त्याच्याही हातात घमेलं आलं.

दुपार कलली तसं गाणं एकदम थांबलं. भीमाबाईनं घाबरून खाली वाकून पाहिलं. गाळ निघून तळाचा कातळ उघडा पडला होता आणि त्यावर पहारीचे जुने घाव दिसत होते. ज्ञानदेवाचे. त्याच्या भावांचे. तिला वाटलं होतं, आता त्याचं काहीच उरलं नाही. त्या घावांच्या फटीतून बोटाएवढं पाणी आलं, मग मनगटाएवढं, आणि बघता बघता नरसय्याचे पाय बुडाले. भीमाबाईनं काठावरूनच हात जोडले. पाण्याला जोडले की माणसांना, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

उन्हं उतरेपर्यंत पाणी निवळलं. चिखलानं माखलेल्या बायका बाहेर आल्या आणि सवयीनं खाली ओळीनं घागरी घेऊन बसल्या. भीमाबाईनं पोहरा ओढला, बालम्माच्या घागरीवर धरला. बालम्मानं मान वर केली.

अगदी अशीच मान सासू वर करायची.

वरच्या विहिरीची वाट पुन्हा चढायची नाही म्हणणारी ही बाई इतके दिवस कुठं उभी होती, ते तिला त्या घटकेला कळलं. पोहरा तिनं काठावर टेकवला.

"बालम्मा, वर ये," ती म्हणाली. "दोर धर."

बालम्मा जागची हलेना. तिनं साहेबरावाकडं पाहिलं. तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलात होता.

"धर की, बाई," तो म्हणाला. "हीर तू उपसलीस, आता इचारतीस कुनाला?"

बालम्मानं दोर हातात घेतला आणि पोहरा खाली सोडला. भीमाबाई काठावरून उतरली. घरात जाऊन तिनं आपली घागर आणली आणि ओळीत शेवटी जाऊन बसली.