तिसऱ्या रांगेतला लाल हातमोजा

ट्रूडी हॅव्रिलुकच्या मांडीवर निळा हत्ती होता, शेजारी वेंडेल फ्रीसन होता, आणि समोर काचेपलीकडे, आइस हॉकीच्या रिंकवर, शत्रूच्या गोलमध्ये, तिचा पोटचा मुलगा उभा होता. यातली शेवटची गोष्ट वेंडेलला ठाऊक नव्हती.

सांगायचं राहून गेलं असं म्हणायलाही जागा नव्हती. तिने मुद्दामच सांगितलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यात नोकरी लागून ती या गावात आली त्याला आठ महिने झाले होते. वेंडेल दाढ ठणकते म्हणून आला, आणि दाढ बरी झाल्यावरही दोनदा येऊन गेला, तेव्हा काय ते सगळ्या दवाखान्याला कळलं. पहिल्याच कॉफीला त्याने स्वतःची ओळख करून दिली ती अशी : "शाळेच्या बस दुरुस्त करतो, बायको सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली, आणि नॉर्थगेट स्टॅलियन्सचा माणूस दारात आला तर त्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही."

ट्रूडी हसली आणि कॉफी घशात अडकली. मुलाचा विषय निघाला तेव्हा "शिकायला बाहेरगावी असतो" एवढंच म्हणाली. खोटं नव्हतंच ते. टेव्हिन शिकत होता. फक्त नॉर्थगेटमध्ये, त्याच स्टॅलियन्स संघाचा राखीव गोलकीपर म्हणून. आडनाव बापाचं, ओस्टबर्ग. पाठीवरचं नाव वाचून कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

राखीव गोलकीपरचं काम काय, तर बाकाच्या टोकाला बसायचं आणि बर्फावर येणाऱ्याजाणाऱ्या खेळाडूंसाठी दार उघडायचं. टेव्हिनने सतरा सामने दार उघडलं होतं. म्हणून तर "शनिवारी आपल्या गावच्या बॅजर्सचा स्टॅलियन्सशी सामना आहे, येतेस? टेडी फेकायची रात्र आहे," असं वेंडेलने विचारल्यावर ती बिनधास्त हो म्हणाली. आणि आज साडेचारला फोनवर निरोप आला : 'आई, मोठ्या गोलकीपरचं पोट बिघडलंय. आज मी! कुठे बसणार आहेस?' गोलच्या मागे, तिसरी रांग, असं तिने कळवलं. वेंडेलच्या पिकअपमध्ये तिने सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्हीदा उणे एकतीसच्या थंडीवर बोलून मिटलं.

आता अठराशे माणसं मांडीवर टेडी, ससे, माकडं घेऊन बसली होती. बॅजर्सचा पहिला गोल झाला की सगळं बर्फावर फेकायचं. नाताळच्या आधी ती खेळणी इस्पितळातल्या मुलांकडे जातात. म्हणजे अठराशे माणसं एकाच गोष्टीची वाट बघत होती, की ट्रूडीचा मुलगा कधी चुकतो. वेंडेलचा टेडी तर एवढा मोठा, की त्याच्यासाठी वेगळी खुर्ची अडवली होती. आणि त्याच्या हातात ती प्रसिद्ध घंटा. गाईच्या गळ्यातली, बावीस वर्षं फक्त बॅजर्ससाठी वाजलेली.

"हत्ती नीट धर," वेंडेल म्हणाला. "त्यांनी आज कुठलं तरी पोरगं उभं केलंय. पाच मिनिटांत फेकायला लागेल."

"बघू या," ट्रूडी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"अरे वेंडेल, घंटा जरा तिकडे धर," मागच्या रांगेतून अर्डिस बाई ओरडल्या. बाई ऐंशीच्या, हातात विणकाम. वेंडेलला त्यांनी तिसरीत गणित शिकवलं होतं आणि अजून त्याला पास केलं नव्हतं. "आणि पोरी, याच्या नादाला लागतेस खरी, पण हा हरला की दोन दिवस जेवत नाही, सांगून ठेवते."

"बाई, तुमचे टाके मोजा!" वेंडेल म्हणाला.

समोर टेव्हिनने गोलचे दोन्ही खांब स्टिकने ठोकले आणि मान वळवून काचेबाहेर बघितलं. सात वर्षांचा असल्यापासूनची ही सवय. तो खांब ठोकणार, आई लाल हातमोजा वर करणार, आणि मग सामना सुरू. तिसऱ्या रांगेवर त्याची नजर फिरली. ट्रूडीचे दोन्ही लाल हातमोजे हत्तीच्या पोटाखाली होते. हात वर करायचा एवढंच तर होतं. शेजारी वेंडेल प्रेमाने हसत होता, आणि तिचा हात काही उचलला गेला नाही.

टेव्हिनने पुन्हा बघितलं. मग वळला.

पहिल्या सत्रात तो बिचारा नुसता चाचपडत होता. चेंडूऐवजीची ती रबरी चकती अंगावर आपटून सुटत होती, पाय उशिरा सरकत होते. आठव्या मिनिटाला एक फटका त्याला चुकवून गेला आणि खांबावर ठणकन आदळला. गोल नव्हता! पण उतावळ्या शंभरेक लोकांनी टेडी भिरकावलेच. पंच दोन्ही हात आडवे हलवत होता आणि त्याच्या डोक्यावर ससे पडत होते. सगळं रिंक हसत होतं. ट्रूडीला मात्र स्वतःची लाज वाटत होती. एका माणसाला आवडावं म्हणून मी माझ्या पोराला ओळख दाखवली नाही, तिच्या मनात आलं. सतरा सामने दार उघडून बसलेल्या पोराला.

दुसऱ्या सत्राला संघांनी बाजू बदलल्या. टेव्हिन आता पार पलीकडच्या टोकाला. त्याने खांब ठोकले, आणि इतक्या लांबून तो कुठे बघतोय हे आईशिवाय कुणाला कळलं नसतं. ट्रूडी ताडकन उभी राहिली. हत्ती खाली पडला. तिने लाल हातमोजा जेवढा जाईल तेवढा वर नेला.

पलीकडून एक स्टिक हवेत उठली.

"कुणाला हात करतेस?" वेंडेलने विचारलं.

"माझ्या मुलाला."

"मुलगा इथे आलाय? कुठाय?"

"गोलमध्ये," ट्रूडी म्हणाली. "तुमच्या नाही. त्यांच्या."

वेंडेलने गोलकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग खुर्चीत बसलेल्या टेडीकडे, त्याला तरी हे माहीत होतं का, असं विचारल्यासारखं. मग त्याने घंटा बाजूला ठेवली. सगळं सत्र ती वाजली नाही. आणि त्या सत्रात टेव्हिन ओस्टबर्ग काय खेळला! पायाने, खांद्याने, एकदा तर पालथा पडून पाठीने अडवलं त्याने. ट्रूडी आता लपवतच नव्हती. एकटीच ओरडत होती, आणि आजूबाजूचे लोक माना वळवून बघत होते. सत्र संपता संपता स्टॅलियन्सनेच एक गोल केला. उरलेले सगळे टेडी मांडीवरच.

मध्यंतर झालं तसा वेंडेल उठला आणि निघून गेला.

झालं, ट्रूडीला वाटलं. आठ महिन्यांत या गावात तिला मनापासून आवडलेला हा एकच माणूस.

"घंटा बघ," मागून अर्डिस बाई म्हणाल्या. घंटा खुर्चीवरच होती. "ती इथे आहे तोवर हा कुठे जात नाही. लग्नातसुद्धा घेऊन गेला होता मेला."

तो परत आला तो बटाट्याच्या गरम काड्या आणि वर ओतलेली ग्रेव्ही घेऊन. पुडा तिच्या हातात दिला.

"किती सामने बाकावर होता?"

"सतरा."

"मी दोन वर्षं होतो. इथेच, बॅजर्सच्या बाकावर. दार इतकं सुंदर उघडायचो, की मला कधी गोलमध्ये पाठवायचं कुणाच्या मनातच आलं नाही." त्याने एक काडी उचलली. "सांगायचं नाही का गं?"

"पाणीसुद्धा विचारत नाहीस म्हणालास."

"आपण बोलायला काय, काहीही बोलतो." तो जरा लाजला. "पण घंटा बॅजर्ससाठीच वाजणार. आधीच सांगतो."

"वाजव की! तुझ्या घंटेला कोण घाबरतंय!"

तिसरं सत्र. टेव्हिन पुन्हा त्यांच्यासमोर. खांब, नजर, लाल हातमोजा. मग वीस मिनिटं बॅजर्स त्याच्यावर तुटून पडले. वेंडेल घंटा बडवत होता, ट्रूडी त्याच्या कानाशी किंचाळत होती, दोघांचे आवाज बसले. शेवटच्या मिनिटाला बॅजर्सने स्वतःचा गोलकीपरही बाहेर काढला आणि सहावा गडी हल्ल्याला पाठवला. सगळे उभे, टेडी डोक्यावर. टेव्हिनपुढे पायांची नुसती गर्दी. चकती उजवीकडे होती, तोही उजवीकडे. आणि डाव्या खांबापाशी बॅजर्सचा एक पोरगा गुपचूप येऊन थांबला होता.

"डावीकडे!" कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं. "अरे पोरा, डावीकडे बघ!"

टेव्हिनचा पाय डावीकडे फेकला गेला. चकती पॅडवर आदळून कोपऱ्यात गेली. भोंगा वाजला.

त्याने ऐकलं की आपणहून गेला, कुणास ठाऊक. पण वेंडेलने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि मागच्या दोन रांगा त्याच्याकडे बघत होत्या.

"मी काही बोललो नाही," वेंडेल म्हणाला.

"बहिरी नाहीये मी," अर्डिस बाई म्हणाल्या.

गोल नाही झाला म्हणून टेडी घरी थोडेच न्यायचे! आधी एक उडाला, मग शंभर, मग सगळे. ट्रूडीने हत्ती असा फेकला की तो थेट गोलच्या जाळीवर जाऊन बसला. दोन तास टेव्हिन चुकावा म्हणून हातात धरलेली सगळी खेळणी आता त्याच्याच अंगावर पडत होती, आणि तो मुखवटा वर करून वेड्यासारखा हसत होता.

मग सामन्याचा पहिला मानकरी, म्हणजे सगळ्यांत चांगला खेळलेला गडी, पुकारला : नॉर्थगेटचा, टेव्हिन ओस्टबर्ग. रिंक गप्प झालं. हरलेलं गाव, टाळी कुठून येणार? टेव्हिन टेड्यांमधून वाट काढत मधोमध आला आणि त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. ट्रूडीने हात वर केला.

शेजारी घंटा वाजली. एकटीच, त्या सगळ्या शांततेत. वेंडेल उभा राहून दोन्ही हातांनी ती हलवत होता, कानापर्यंत लाल झाला होता, पण थांबत नव्हता.

"खाली बस, वेंडेल!" अर्डिस बाई ओरडल्या. "मला पोरगा दिसत नाहीये!"