तेल न घातलेले दार

मी एक जुने दार आहे. पहिली पंधरा वर्षे माझ्यामागे खोलीच नव्हती; दोन टेकू आणि वाळूची पोती, एवढेच. सुताराने मला भयपटांसाठी बनवले होते.

मित्रांनो, माझे काम किरकिरण्याचे. बिजागरी गंजली की लोखंड अडखळत सरकते. त्या धक्क्यांनी फळ्या थरथरतात आणि आवाज मोठा होतो. दिग्दर्शक सगळ्यांना बजावत, दाराला तेलाचा थेंब लागला तर याद राखा. गंज टिकावा म्हणून ते स्वतः मिठाचे पाणी शिंपडत. नऊ चित्रपटांत हडळीच्या आधी मी पडद्यावर आले. लोक खुर्च्या घट्ट धरत. दहाव्यात ते हसले. अकरावा निघालाच नाही.

दिग्दर्शक मग शाळेत भाषा शिकवू लागले. वर्गाच्या दाराला वाळवी लागली होती, म्हणून त्यांनी मला आणले. मुले मला मुद्दाम किरकिरायला लावत. सर खूश होत.

एक मुलगी रोज दहा मिनिटे उशिरा येई. धाकट्या बहिणीला पाळणाघरात सोडून यावे लागे. मी किरकिरले की सगळा वर्ग वळून पाही आणि मागून कोणीतरी म्हणे, "हडळ आली." सरही हसत.

एका सोमवारी तिने माझ्यावर तळहात ठेवला, पण ढकलले नाही. नट्यांचे हात मला ठाऊक होते. सांगितले की थरथरत, 'कट' म्हटले की थांबत. हा हात ओला होता आणि थांबत नव्हता. ती परत गेली. मंगळवारी, बुधवारीही.

गुरुवारी सरांनाच उशीर झाला. ती बाहेर उभी होती.

"आत का नाही जात?"

"दार ओरडतं, सर. माझं नाव काढून टाका. मी घरीच बहिणीला सांभाळते."

जो चेहरा मिळावा म्हणून ते नट्यांकडून वीस-वीस वेळा मला उघडून घेत, तो समोर होता. त्यांनी माझ्या गंजलेल्या बिजागरीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "उद्या ये. एकदाच ये."

शाळा सुटल्यावर त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली. गंज घासला, तेल सोडले, मला चाळीसेक वेळा उघडले, मिटले. माझा आवाज गेला. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

शुक्रवारी सर फळ्यावर लिहीत होते. तास संपताना हजेरी घ्यायला वळले, तर ती बाकावर.

"केव्हा आलीस?"

"मघाशीच."

मित्रांनो, दर दोन महिन्यांनी माझ्या बिजागऱ्यांत तेल सोडत जा. विसरलात तर मी पुन्हा ओरडेन. मला तेवढेच येते. आणि तेव्हा बाहेर कोण उभे आहे, ते तुम्हाला आतून दिसणार नाही.