वेल्डरच्या मुठीतला चेंडू

मित्रांनो, मी रक्तपेढीतला एक जुना रबरी चेंडू आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मैदानात उड्या मारीन. नशिबी आल्या माणसांच्या मुठी. रक्त देताना मला दाबायचं नि सोडायचं, म्हणजे रक्त नीट वाहतं. काम झालं की कोणी मला पलंगाखालीही टाकून जातं. पण एक कळलं, चेहरा खोटं बोलतो, मूठ खोटं बोलत नाही.

परवा एक वेल्डर आला, दाराएवढा माणूस. त्याच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन होतं. तिच्या गटाचं रक्त पेढीत नव्हतं आणि घरात तो गट फक्त याचा. सोबत त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी होती.

"रोज अंगावर ठिणग्या घेतो बाई, सुईचं काय घेऊन बसलात!" असं रक्त घेणाऱ्या बाईंना म्हणत त्याने मला हातात घेतलं.

सुई दिसली मात्र, त्याचा तळवा गार पडला. घामाने मी निसरडा झालो. नाडी आधी धडधडली, मग मंदावू लागली. तो ताडकन उठला. "गाडी आडवी लागलीय, काढून येतो," म्हणाला आणि मला मुठीत घेऊनच बाहेर पडला. आले होते दोघे चालत! रांगेतले लोक फिदीफिदी हसले. मुलीने मान खाली घातली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो जिन्यावर डोकं धरून बसला. मुलगी मागोमाग आली.

"ताईला कोणत्या तोंडाने भेटू गं? तिने मला लहानाचं मोठं केलं."

"बाबा, लहानपणी मी इंजेक्शनला रडायचे, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, नाटकं करते. मलाही अशीच लाज वाटायची."

त्याने मला चेपून पार चपटा केला. "चुकलं माझं, बाळा," तो म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं.

तेवढ्यात त्या रक्त घेणाऱ्या बाई आल्या. "अहो, माझा चेंडू कुठे घेऊन चाललात? आणि लाजता कसले! सुई बघून मेंदू संकटाची हाकाटी करतो, काहींचा रक्तदाब एकदम उतरतो. हे हातात नसतं. आधी सांगितलं असतंत तर आडवं करून, मांड्या आवळून धरायला लावल्या असत्या. चला, पाणी प्या. रक्तदाब बघते, ठीक असला तरच घेईन."

तो परतला. लाजेने कान लाल झाले होते. त्याच रांगेपुढे उभा राहून म्हणाला, "गाडीबिडी काही नव्हती. मला सुईची भीती वाटते."

कोणी हसलं नाही. एक मिशीवाला खाली बघत पुटपुटला, "मलाही."

थोड्या वेळाने पिशवी भरली.

मित्रांनो, माझं रबर आता चिरलंय, लवकरच कचऱ्यात जाईन. एवढंच मागतो, भ्यालेल्याला हसू नका. तो लाजेने पळून जाईल, आणि आत कोणीतरी त्याच्या रक्ताची वाट बघत पडलेलं असेल.